विजेची कोठी कोणाच्या मालकीची?

खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी खाली उतरले, त्याची वीज झाली आणि ती मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. खालापूर-कर्जतच्या वाट्याला विजेचे मनोरे आले. ठाकूर-कातकरी वाड्यांना मात्र पुढे कित्येक दशके कंदिलाच्याच उजेडात दिवस काढावे लागले. आज उन्हापासून वीज करण्याचे साधन हाताशी आले असताना त्या इतिहासाची पुनरावृत्ती होऊ द्यायची काय, हा प्रश्न या दोन तालुक्यांतील कार्यकर्त्यांपुढे आहे.

प्रश्न वरवर लहान दिसतो. डोंगरातल्या वाडीवरून भाजी, रानमेवा घेऊन नेरळ, कर्जत वा खोपोलीच्या बाजाराला जाणाऱ्याला, मजुरीसाठी रोज उतरणाऱ्याला विजेची सायकल मोठा आधार ठरू शकते. पण जेथे तार पोचलेली नाही, किंवा पोचूनही भरवशाची नाही, तेथे तिची बॅटरी भरायची कोठे?

तांत्रिक उत्तर अवघड नाही. अशा सायकलीच्या बॅटरीत साधारण ३६० वॅट-तास, म्हणजे युनिटाच्या तिसऱ्या हिश्श्याहून किंचित अधिक वीज मावते. सायकल, स्वार आणि पाटी मिळून शंभर किलोचा भार ३०० मीटर वर चढवायला, यंत्रातील घट धरून, सुमारे १२० वॅट-तास लागतात. ३५० वॅटचे एक सौर पॅनेल स्वच्छ उन्हाच्या दिवशी अशा तीन बॅटऱ्या भरू शकते. मात्र ऊन असते तेव्हाच सायकल कामावर असते. म्हणून जादा बॅटरी हवी. लिथियमच्या बॅटरीला तिच्याच जातीचा चार्जर व नियंत्रक हवा. मिळेल तो जोडला तर आगीचा धोका असतो. हा खर्च आणि ही देखरेख एकेकट्या कुटुंबाला पेलणारी नाही. म्हणजे प्रश्न यंत्राचा उरत नाही, मालकीचा होतो.

या प्रश्नाचे उत्तर याच मातीत एकदा दिले गेले आहे. माथेरानच्या भाई कोतवालांनी सावकारी पाशातून आदिवासींना सोडविण्यासाठी धान्यकोठ्या उभारल्या. बेचाळीसच्या लढ्यात त्यांच्याच आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर त्यांना हौतात्म्य आले. मनोरे पाडणे हा त्या कार्याचा एक भाग होता. कोठी उभारणे हा दुसरा. आज गरज दुसऱ्या भागाची आहे. सामाईक पॅनेल, सामाईक बॅटऱ्या, रिकामी ठेवून भरलेली नेण्याची रीत आणि वाडीने ठरवलेला दर, अशी विजेची कोठी प्रत्येक वाडीत उभी राहिली पाहिजे.

कायद्याची आडकाठी नाही. वाहनाची बॅटरी भरून देणे ही विजेची विक्री नसून सेवा आहे, तिला परवाना लागत नाही, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये केला. पण हे दार सहकारी संस्थेला जसे उघडे आहे तसेच भांडवलदारालाही आहे. उद्या भाड्याच्या बॅटरीचा नवा सावकार वाडीत आला, तर धान्याऐवजी विजेची दीडी-दुपटी सुरू होईल एवढाच फरक.

शासनाची दृष्टी कोणीकडे आहे हे उघड आहे. राज्याच्या २०२५ च्या धोरणाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर विजेच्या मोटारींना टोलमाफी जाहीर केली. हा मार्ग खालापुरातूनच जातो. त्याच्या कडेच्या डोंगरातील कातकऱ्यासाठी २०२३ च्या जनमन योजनेत, जेथे तार नेणे शक्य नाही तेथे, घरटी ३०० वॅटच्या सौर संचाची तरतूद आहे. ती स्वागतार्हच आहे. पण त्यामागचा विचार घरातल्या दिव्यापाशी थांबतो. आदिवासीला उजेड हवा, तशी बाजाराची वाटही हवी, हे त्यात गृहीत धरलेले नाही.

दोन आक्षेपांचा विचार करणे प्राप्त आहे. पहिला असा की, कोठी उभी राहिली की तार नेण्याच्या जबाबदारीतून सरकार मोकळे होईल. म्हणून तारेची मागणी एक दिवसही सैल पडता कामा नये. दुसरा आक्षेप निसर्गाचा आहे. धान्याची कोठी ऐन पावसाळ्यात उपयोगी पडते. विजेची कोठी मात्र आषाढातच रिती होते. त्या दिवसांत पहिला हक्क दिव्याचा राहील, बॅटऱ्या खालच्या गावात नेऊन भराव्या लागतील आणि सायकलीला पायडल मारावे लागेल. हे आधीच सांगितले पाहिजे. खोट्या आशेवर उभी केलेली संस्था पहिल्या पावसात कोसळते.

तेव्हा कार्यकर्त्यांनी वाडीवार पाहणी करावी, ग्रामसभांतून सामाईक कोठीचे ठराव करून घ्यावेत, आदिवासी विकासाच्या निधीतून त्यांना भांडवल मागावे आणि वाडीतल्याच दोन तरुण-तरुणींना दुरुस्तीचे शिक्षण मिळवून द्यावे. घाटावरचे पाणी गेले, त्याची वीज गेली. ऊन अजून कोणाच्या नावावर चढलेले नाही, तोवरच हे काम झाले पाहिजे.