यंत्रांची वैद्यकीय तपासणी कोण करणार?

रनिंग स्टाफची ठराविक मुदतीने वैद्यकीय तपासणी होते, हे रेल्वेतल्या प्रत्येकाला माहीत आहे. ए-१, ए-२, ए-३ या वर्गांतील कर्मचाऱ्याची ४५ वर्षे वयापर्यंत दर चार वर्षांनी, ४५ ते ५५ पर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे निवृत्तीपर्यंत दर वर्षी. डोळे, कान, रक्तदाब, साखर असे सगळे पाहिले जाते. ही तपासणी व्हावी याबद्दल युनियनचे कधीही दुमत नव्हते. ड्रायव्हरच्या मागे हजार-बाराशे प्रवासी बसलेले असतात. पण ज्या यंत्रावर माणूस तपासला जातो ते यंत्र शेवटचे कधी तपासले, हे आम्ही आजवर विचारले नव्हते. ही आमचीही चूक आहे, ती कबूल करतो. रसमड्याच्या एका प्रकरणाने आम्हाला जाग आणली.

रसमडा हे दुर्ग आणि राजनांदगावच्या मधले लहान स्टेशन. मुंबई-हावडा मुख्य मार्ग असल्याने गाड्या रात्रंदिवस धडधडत जातात, थांबतात थोड्या. शेजारी औद्योगिक क्षेत्र, स्पंज आयर्नचे कारखाने. तिथे घर असलेला आमचा एक साथी, लोको पायलट, वय ५१, मुदतीच्या तपासणीला गेला. रक्ताचा नमुना बाहेरच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत गेला. त्या जागेचे नाव येथे लिहीत नाही, कारण आमचे भांडण एका जागेशी नाही. उपाशीपोटीची साखर आली १७३. १२६ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह, असा वैद्यकीय दंडक आहे. नियमाप्रमाणे त्याला गाडीवरून उतरवण्यात आले. मायलेज बंद झाले. घरात मुलीचे लग्न ठरलेले.

हा साथी रोज चार किलोमीटर चालणारा, घरात कोणाला मधुमेह नाही. त्याने स्वतःच्या पैशाने दुसरीकडे रक्त दिले. तिथे आली १०४. दोन प्रयोगशाळांत थोडा फरक पडतोच, माणसाची साखरही रोज सारखी नसते. शिवाय रक्त काढून तसेच ठेवले, नळीत फ्लोराइड नसले, तर साखर तासाला पाच ते सात टक्के उतरते. पण १७३ आणि १०४ हा फरक असल्या कारणांनी पडत नाही. आम्ही पत्र दिले, प्रत्यक्ष जाऊन बसलो, फेरतपासणी मागितली. ती झाली तेव्हा कारण सापडले, आणि ते इतके साधे होते की ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो.

ते समजून घेण्यासारखे आहे. यंत्राला साखर कळत नाही, त्याला रंग कळतो. रक्तातल्या द्रवात औषध मिसळले की साखरेच्या प्रमाणात रंग चढतो. किती रंग म्हणजे किती साखर, हे यंत्राला शिकवावे लागते. त्यासाठी १०० मिलिग्रॅम साखरेचे तयार पाणी बाटलीत येते, त्याला स्टँडर्ड म्हणतात. ही बाटली जुनी झालेली, झाकण सैल राहिलेली होती. जंतूंनी त्यातली साखर खाऊन टाकली आणि १०० ची ६० च उरली. यंत्र मात्र त्या ६० लाच १०० समजत होते. मग १०४ साखर असलेल्या माणसाची १७३ निघणार, हे हिशेबाने ठरलेलेच. यंत्र बिघडले नव्हते. त्याला खोटे शिकवले गेले होते.

यावर इलाज फार जुना आहे. रोज सकाळी पहिल्या रुग्णाचे रक्त लावण्याआधी, ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असा तयार नमुना लावून पाहायचा. त्याला कंट्रोल म्हणतात (आपल्या गाड्या अडवून ठेवणारा कंट्रोल तो वेगळा). एक कंट्रोल निरोगी माणसासारखा, एक आजारी माणसासारखा. आलेला आकडा तक्त्यावर ठिपका म्हणून मांडायचा. ठिपका ठरलेल्या रेषांच्या आत पडला तर काम सुरू, बाहेर गेला तर थांबून कारण शोधायचे. सगळे ठिपके आतच आहेत, पण दिवसेंदिवस एकाच बाजूला पडत आहेत, तरीही समजावे की काहीतरी सरकते आहे, दिवा म्हातारा झाला असेल किंवा औषध उतरले असेल. त्या सकाळी कंट्रोल लावला असता तर तोही तसाच फुगून आला असता आणि बाटली तिथेच फेकली गेली असती.

आपल्याला यात नवल वाटू नये. स्टेशन मास्तर रोज १६ वाजता कंट्रोलकडून वेळ घेऊन घड्याळ लावतो. रुळातला तडा शोधणारे अल्ट्रासॉनिक यंत्र घेऊन लाइनवर जाण्याआधी, मुद्दाम भोक पाडलेल्या रुळाच्या तुकड्यावर ते लावून पाहतात. माहीत असलेले भोक दिसले तरच न दिसणाऱ्या तड्याबद्दल त्याचे ऐकायचे. भिलाईच्या रुळाला जी काळजी मिळते ती त्या रुळावर गाडी चालवणाऱ्याच्या रक्ताला मिळू नये?

आणखी एक गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. हा ठिपक्यांचा तक्ता रुग्णालयात जन्मलेला नाही. १९२४ साली वॉल्टर शूहार्ट या अभियंत्याने तो अमेरिकेतील टेलिफोन बनवणाऱ्या कारखान्यासाठी काढला. तिथेच १९४७ साली बेल्क आणि संडरमन या डॉक्टरांनी पेनसिल्व्हेनियातील रुग्णालयांना तेच ते नमुने वाटून पाहिले होते, आणि उत्तरे इतकी वेगवेगळी आली की सगळे हादरले. मग १९५० मध्ये लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी कारखान्याचा तक्ता प्रयोगशाळेत आणला. म्हणजे हे ज्ञान कामगाराला परके नाही. तेव्हाच्या दुर्ग जिल्ह्यातील दल्ली राजहरा येथे खाण मजुरांनी, शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली, ३ जून १९८३ रोजी शहीद हॉस्पिटल उभे केले आणि मजुरांतूनच आरोग्य कार्यकर्ते तयार केले. फारसे न शिकलेला माणूस तिथे हे काम शिकू शकला, तर आमचा शाखा सचिव तक्त्यावरचे ठिपके नक्की वाचू शकेल. मी स्वतः मॅट्रिक आहे, मला अर्ध्या तासात समजले.

कायद्याची अवस्था पाहा. भाजीवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्याला वजनमाप खात्याकडून दर वर्षी पडताळणी करून शिक्का घ्यावा लागतो, नसला तर दंड. रक्तातली साखर मोजणाऱ्या यंत्राला असा शिक्का नाही. एनएबीएल या राष्ट्रीय संस्थेची मान्यता चांगली प्रयोगशाळा घेते, पण ती घेणे ऐच्छिक आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून ओळख न देता नमुने देशभर पाठवले जातात आणि कोणाचे उत्तर किती चुकले ते कळवले जाते. त्यातही जो स्वतःहून नाव नोंदवील तोच. ज्याला तपासले जाण्याची भीती आहे तो कशाला नोंदवील?

आता या प्रकरणातला अवघड भाग. चूक सापडताच तिथल्या व्यवस्थापनाने तंत्रज्ञाकडे बोट दाखवले आणि कंत्राटदाराला त्याला काढून टाकण्यास सांगितले. आमचा लोको पायलटही चिडलेला, त्यालाही तेच हवे होते. आम्ही तंत्रज्ञाकडे कागद मागितले. कंट्रोल सीरम संपले आहे, मागवावे, असे त्याने दोनदा लेखी दिले होते. दोन्ही वेळा उत्तर नाही. एकटा माणूस, दिवसाला शंभरावर नमुने, पगार कंत्राटी, आणि जबाबदारी मात्र कायम नोकराची. त्याला काढणे म्हणजे बाटली तशीच ठेवून हात बदलणे. आम्ही विरोध केला आणि तो आज कामावर आहे. लोको पायलटशी यावरून दोन तास वाद झाला. शेवटी ते अर्ज वाचून तो गप्प झाला.

आमचा साथी २३ दिवसांनी गाडीवर परतला. त्या दिवसांचे मायलेज गेले ते गेलेच. पण आम्हाला झोप लागू देत नाही ती त्या दिवसाची यादी. त्याच बाटलीवर त्या सकाळी इतरांचेही रक्त लागले होते. त्यात गावातल्या बाया असतील, स्पंज आयर्नच्या भट्टीवरचे ठेका मजूर असतील. कोणाला साखर नसताना गोळ्या सुरू झाल्या असतील, आणि साखरेची गोळी निरोगी माणसाने घेतली तर तो चक्कर येऊन पडू शकतो. त्यांच्यासाठी पत्र देणारे कोणी नव्हते. त्या यादीतील सगळ्यांना परत बोलवा, असे आम्ही लिहून मागितले. किती जणांना बोलावले याचा आकडा आम्हाला मिळालेला नाही.

चूक उलट बाजूनेही होते. स्टँडर्ड घट्ट झाले तर आजारी माणूस निरोगी ठरतो आणि गाडीवर चढतो. तेव्हा तो तक्रार करायला येत नाही, खूश होऊन घरी जातो.

हा प्रश्न पुढे वाढणार आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांच्याबद्दल फेडरेशनची भूमिका वाचकांना ठाऊक आहे. पण त्यांतील एका संहितेत कामगारांच्या मोफत वार्षिक आरोग्य तपासणीची तरतूद आहे. ती चांगलीच आहे, मात्र ठेकेदाराने स्वस्तातली गाडी गेटवर उभी करून तासाभरात दोनशे जण उरकले, तर त्या कागदांचा उपयोग काय? भट्टीवरच्या मजुराचा श्वास मोजणारे यंत्रही रोज तीन लिटरच्या सिरिंजने हवा सोडून पडताळायचे असते. ती सिरिंज गाडीत आहे का, एवढे विचारले तरी बरेच कळेल.

साथींनो, शाखांनी आता असे करावे. ज्या प्रयोगशाळेचा अहवाल आपल्या माणसाला अनफिट ठरवतो, तिच्याकडून त्या दिवसाच्या कंट्रोलचा आकडा आणि महिन्याचा तक्ता लेखी मागावा. तो मिळत नसेल तर दुसऱ्या ठिकाणी फेरतपासणी होईपर्यंत मायलेज कापू नये, अशी मागणी करावी. तंत्रज्ञांना भेटावे, ते आपल्यातलेच आहेत, आणि कंट्रोल सीरमसाठी त्यांनी दिलेल्या अर्जांच्या प्रती जपून ठेवाव्यात.

अहवालासोबत कंट्रोलचा आकडा छापून यावा, हा विषय पुढच्या पीएनएमच्या यादीत आम्ही पहिल्या क्रमांकावर टाकला आहे. त्या प्रयोगशाळेत कंट्रोल सीरमची पहिली पेटी आली आहे, ती दोन महिने पुरेल. तिसऱ्या महिन्याची मागणी तंत्रज्ञाने आजच दिली आहे, त्याची प्रत आमच्या फाइलला लागली आहे.