पकड

विश्रांतवाडीत एका परिचितांकडे परवा गेलो असता त्यांच्या महाविद्यालयीन चिरंजीवांनी आम्हांस एक शर्यत दाखविली. टेबलाला आवळून बसविलेले स्टिअरिंग, पायांशी पेडल, समोर पडदा आणि पडद्यावर नजर पोचेल तिथवर गेलेला सरळ रस्ता. खेळाचे नाव 'असेट्टो कोर्सा', शर्यतीचा प्रकार ड्रॅग रेस. उभ्या जागेवरून सुटायचे आणि पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, कमीत कमी वेळात कापायचे. वळण नाही, खाचखळगा नाही. अशा शर्यतीत जोराने अॅक्सिलरेटर दाबण्यापलीकडे कौशल्य ते काय, असा आमचा समज होता. आग्रह झाला म्हणून बसलो आणि इशारा होताच पेडल तळापर्यंत दाबले. इंजिन किंचाळले, मागे धूर उठला, गाडी क्षणभर जागेवरच थरथरली आणि मग आडवी होऊन कडेला गेली. चिरंजीव शांतपणे म्हणाले, "काका, टायर अजून गार आहेत. तुम्ही ताकद दिलीत, पण रस्त्याने ती घेतली नाही."

यातील दुसरे वाक्य आमच्या डोक्यातून गेले नाही. साहित्यातील वास्तववादावर आजवर आम्ही जे वाचले आणि वर्गात शिकविले, त्यात ही गोष्ट इतक्या थोडक्यात कोणी सांगितल्याचे स्मरत नाही. मनुष्याच्या संकल्पाला जमीन किती साथ देते आणि कुठे सोडून देते, याचा हिशेब म्हणजे वास्तववाद, असे आमचे मत त्या संध्याकाळी बनले. ते येथे मांडतो.

प्रथम टायरविषयी. गाडीचे सारे वजन आणि इंजिनाची सारी ताकद रस्त्याला भेटते ती सुमारे तळहाताएवढ्या चार ठशांतून. ड्रॅग रेसमध्ये ताकद बहुधा मागच्या दोनच चाकांना मिळत असल्याने उरतात दोन ठसे. गाडी झेपावली की तिचा भार मागे सरकतो, मागचे ठसे अधिक दाबले जातात आणि पकड वाढते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे नशीब उलटे: ज्या चाकांनी ओढायचे तीच सुटण्याच्या क्षणी हलकी होतात. रबराचे वर्तनही शाळेत शिकलेल्या घर्षणाच्या नियमात नीट बसत नाही. भार दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. गार रबर कडक राहते, रस्त्याच्या बारीक खरखरीत शिरत नाही. म्हणून शर्यतीआधी चाके जागच्या जागी फिरवून, धूर काढून, टायर तापवितात.

यापुढची गोष्ट आम्हांस सर्वांत विलक्षण वाटली. पुढे ढकलणारी पकड चाक मुळीच घसरत नसताना मिळतच नाही. चाकाच्या परिघाचा वेग गाडीच्या वेगाहून थोडा जास्त असावा लागतो. कोरड्या डांबरावर सामान्य टायरची पकड साधारण दहा ते वीस टक्के घसरणीशी शिखर गाठते. त्यापलीकडे गेले की ती उतरू लागते आणि चाक नुसते भिरभिरते. खेळणाऱ्याचे कसब त्या शिखराच्या अलीकडे-पलीकडे पाऊल तोलून धरण्यात असते. आम्ही पाय तळाला नेला, तेव्हा शिखर केव्हाच मागे पडले होते.

आता खेळांविषयी. २००३ साली आलेला 'नीड फॉर स्पीड अंडरग्राउंड' आमच्या अनेक विद्यार्थ्यांनी खेळला असेल. त्यातही ड्रॅग रेस होती. रात्रीचे शहर, ओल्या डांबरावर सांडलेले निऑनचे रंग, चकाकणारी गाडी, सारे डोळ्यांना खरे भासे. परंतु खेळणाऱ्याकडे कामे उरत ती मुख्यतः दोन: योग्य क्षणी गेअर बदलणे आणि समोरची वाहने चुकवीत पट्टा बदलणे. गाडी सरळ ठेवण्याची काळजी खेळच वाही. रस्ता दिसत होता, पण खेळणाऱ्याशी भांडत नव्हता. याउलट त्याच सुमाराचा 'लाइव्ह फॉर स्पीड' दिसायला अगदी साधा. टायरच्या बाबतीत मात्र तो कसलीही गय करीत नसे.

रोलाँ बार्थ यांनी १९६८ साली एका निबंधात दाखवून दिले होते की, वास्तववादी कादंबरीतील कित्येक तपशील कथानकाला निरुपयोगी असतात. त्यांचे काम एवढेच की, 'आम्ही वास्तव आहोत' असे वाचकाच्या कानात सांगत राहावे. ओल्या डांबरावरचा निऑन हा त्याच जातीचा तपशील. आपली समीक्षा बोलीभाषेतील संवाद, शेणाचा वास, चुलीचा धूर मोजून लेखनाला वास्तववादी ठरविते, तेव्हा तीही बहुधा पडद्याची चकाकीच मोजत असते. टायर कोणी तपासत नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. खेळातील पकड तरी खरी कुठे असते? तीही आकडेमोडच. टायरच्या वर्तनाचे बहुपरिचित गणित डच अभियंते हान्स पासेक्का यांच्या नावाने ओळखले जाते आणि त्या सूत्राला अभियंतेच 'जादूचे सूत्र' म्हणतात. कारण ते रबराच्या अंतरंगाचा उलगडा करीत नाही. प्रयोगात मिळालेल्या मोजमापांवर चपखल बसेल अशी वक्ररेषा फक्त देते. म्हणजे या वास्तवाच्या मुळाशीही संकेतच. आम्हांस हे मान्य आहे. साहित्यही संकेतांशिवाय चालत नाही. प्रश्न एवढाच की, तो संकेत कोणाच्या बाजूने झुकलेला आहे: खेळणाऱ्याच्या हौसेच्या, की ज्यावर तो उभा आहे त्या जमिनीच्या? जादूचे सूत्र जमिनीवर घेतलेल्या मोजमापांना बांधील असते. हौसेला ते 'नाही' म्हणू शकते. आम्ही त्या नकाराला मान देतो.

दुसरी उणीव मात्र अधिक गंभीर आहे. 'असेट्टो कोर्सा'त रस्त्याची पकड टक्क्यांत ठरविता येते. गाड्या धावतील तसा आकडा थोडा वाढतो, पण तो साऱ्या रस्त्याला मिळून एकच. खरी ड्रॅग स्ट्रिप अशी नसते. प्रत्येक गाडी आपल्या रबराचा पातळ थर मागे ठेवून जाते, आयोजक वरून चिकट द्रावण फवारतात, आणि नंतर येणाऱ्याला त्या नेमक्या पट्ट्यावर पकड मिळते. पट्टा सोडून हातभर बाजूला गेलात की चाक निसटते. 'आरफॅक्टर २' या २०१३ सालच्या खेळाने रस्त्यावर जागोजागी साचणारे हे रबर मांडण्याचा यत्न केला. तिथे रस्त्याला स्मरण आले, असे आम्ही म्हणू.

परंपरा म्हणजे याहून वेगळे काय असते? आधीचे झिजले त्याचा थर आपल्या पायाखाली असतो. नवा लेखक जोरात सुटतो तो केवळ स्वतःच्या ताकदीवर नव्हे, हे त्याला बहुधा पहिल्यांदा घसरल्यावरच कळते.

हे सारे परदेशी खूळ आहे, असे ज्यांना वाटेल त्यांनी विश्रांतवाडीतून आळंदी रस्त्याने थोडे पुढे, खेड तालुक्यात यात्रेच्या दिवसांत जावे. पुणे जिल्ह्यातील घाटावरची बैलगाडा शर्यत ही आमच्या मते ड्रॅग रेसच आहे. सरळ, चढाची धाव आणि सेकंदाच्या अंशांत लागणारा निकाल. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली या शर्यतींना बंदी केली, डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना पुन्हा वाट मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. जनावरांच्या हालांचा प्रश्न त्याने संपला असे आम्ही मानत नाही. येथे सांगायचे ते एवढेच की, खूर मातीत किती रुतावा आणि किती सुटावा, हे ज्ञान या मुलखात जुने आहे. त्याला आपण ज्ञान म्हटले नाही, इतकेच.

आता मूळ मुद्द्याकडे. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) आपण अभ्यासक्रमांत लावतो आणि तिचे चित्रमय वर्णन परीक्षेत विचारतो. आम्हांस ती आता निराळी दिसते. कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीत येतो. त्याच्याजवळ उमेद पुष्कळ, पण ती जमिनीपर्यंत पोचते फार लहान ठशांतून: एक शाळा, चार माणसांचा विश्वास, एक तालीम. वाडी त्याला थोडी धरते, थोडी निसटू देते, आणि त्या निसटण्यातूनच तो पुढे सरकतो. अखेर दुष्काळ येतो आणि पायाखालची वाडीच रिकामी होते. लेखकाने मास्तरला फुकटची पकड दिलेली नाही. याउलट आपल्याकडील कितीतरी लोकप्रिय चरित्रात्मक कादंबऱ्यांत नायकाने मनात आणले की ते घडते. अडथळे येतात ते त्याने ओलांडावेत म्हणूनच. तपशील अचूक, पोशाख अचूक, भाषा कालोचित, आणि चाक कधी घसरत नाही. अशा पुस्तकांवर वाढलेला वाचक संकल्प म्हणजेच गती असे मानू लागतो, आणि जीवनात पहिल्यांदा घसरला की दोष एक तर स्वतःला देतो नाहीतर साऱ्या जगाला. मधल्या ठशाकडे पाहण्याची सवय त्याला कोणी लावलेलीच नसते. या नुकसानीची जबाबदारी आम्हां शिकविणाऱ्यांवरही आहे.

त्या संध्याकाळी परतताना पावसाची पहिली सर आली. अशा वेळी रस्त्यावरची धूळ आणि सांडलेले तेल पाण्याबरोबर वर येऊन डांबर विलक्षण निसरडे होते, हे दुचाकी चालविणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. विश्रांतवाडीच्या चौकात सारेच पाय टेकवीत, ब्रेक हलके धरून चालले होते. त्या गर्दीत प्रत्येकजण पकड वाचीत होता, आणि ती चुकीची वाचली तर पुन्हा खेळण्याचे बटण तिथे नव्हते.

असो. पुढील सत्रात वास्तववाद शिकविताना पहिला तास टायरवर घ्यावा, असे आमच्या मनात आहे. विद्यार्थी हसतील. पण आमच्याआधी तो धडा त्यांच्यातल्याच एकाने आम्हांस दिला आहे, हेही त्यांना सांगावे लागेल.