आवाज फाटतोय, कान नव्हे!

"आई, रेडिओ अगदी नीट आहे. आता तुमच्या कानांचंच बघायला हवं."

हे वाक्य माझं. आज लिहिताना लाज वाटते, पण म्हटलं होतं खरं.

सासूबाई शहाऐंशीच्या. डोळ्यांनी फारसं दिसत नाही, म्हणून टीव्ही असून नसल्यासारखा. त्यांची सोबत म्हणजे लग्नानंतर घेतलेला मर्फीचा व्हॉल्व्हवाला रेडिओ. लाकडी पेटी, पुढे जाळीचं कापड, आणि लावल्यावर तापायला लागणारं अर्धं मिनिट. त्याच्या लायसन्सचे पैसे पोस्टात भरल्याची आठवण त्या अजून सांगतात. 'वनिता मंडळ', 'कामगार सभा', 'आपली आवड'... निम्मा संसार त्यांनी या आवाजांच्या संगतीत केला.

या रेडिओवर एफएम नाही. गेल्या काही वर्षांत आकाशवाणीची मध्यम लहरींवरची बरीच प्रक्षेपणं बंद झाली, कार्यक्रम एफएमवर आणि मोबाइलच्या ॲपवर गेले. आमच्या मर्फीत उरली नुसती खरखर. मग न्यू जर्सीहून आलेल्या भाच्याने साबणाच्या डबीएवढा एक ट्रान्समीटर आणला. तो मोबाइलला जोडायचा, मोबाइलवरचं गाणं तो मध्यम लहरींवर सोडतो आणि रेडिओला वाटतं स्टेशनच लागलंय! तिकडे जुने रेडिओ जपणारे लोक हे सर्रास वापरतात. १०० मिलिवॅट शक्ती आणि ३ मीटर एरियल एवढ्यापुरती तिथल्या कायद्याची मुभा आहे. आपल्याकडे परवान्याशिवाय प्रक्षेपण करता येत नाही, म्हणून भाच्याने एरियल लावलीच नाही. वायरचं एक वेटोळं रेडिओच्या पाठीला टेकवलं. शेजारच्या खोलीतही काही जात नाही.

आम्ही सगळे खूश. आई मात्र तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अगं, आवाज फाटतोय. आणि मागे भुंगा गुणगुणतोय." मुलगा म्हणाला, "आजी, जुना रेडिओ आहे, असाच वाजणार." मी वर दिलेलं वाक्य म्हटलं. कान तपासूनही आणले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने ठीक आहेत.

शेवटी बाजारातल्या एका जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांना घरी आणलं. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "आजी बरोबर बोलतायत." मी गप्प.

मोबाइलचा आवाज आम्ही पूर्ण चढवून ठेवला होता. पातेल्यात मावेल त्याहून जास्त दूध ओतलं की ते सांडणारच, तसं त्या डबीला झेपेल त्याहून जास्त आवाज गेला की तो फाटतो. काकांनी मोबाइल निम्म्यावर आणला आणि रेडिओची खुंटी वाढवली. फाटणं थांबलं! भुंग्याची गंमत वेगळी. स्टेशनवरून काटा हलवला की तो गायब, स्टेशनवर आणला की हजर. म्हणजे तो रेडिओचा नव्हता, ट्रान्समीटरच्या चार्जरमधून लहरीवर स्वार होऊन येत होता. बॅटरी लावली, भुंगा गेला. शिवाय स्टिरिओ गाण्याची एकच बाजू जात होती. काकांनी दोन्ही एकत्र करून दिल्या.

आता मध्यम लहरींकडून सीडीसारखा आवाज मागू नये, हे मलाही कळतं. तिथे दोन स्टेशनांमधलं अंतरच मुळी ९ किलोहर्ट्झ. शेजारचं स्टेशन घुसू नये म्हणून रेडिओ वरचे सूर कापून टाकतो. घुंगरांची किणकिण नाही आली, चालेल. पण 'स' आणि 'श' ओळखू येतात तेही याच वरच्या सुरांवर, आणि म्हातारपणी कान आधी हेच सूर गमावतात. म्हणजे थोडं रेडिओने कापलं, थोडं वयाने, आणि उरलेलं आम्ही आवाज चढवून फाडलं. बातम्या कळणार कशा? तरुण कान तुटलेलं अक्षर अंदाजाने जोडून घेतात, आम्हाला म्हणूनच काही खटकलं नाही. मोबाइलवर ट्रेबल जरा वाढवला तेव्हा आईंना बातम्यांतली नावं कळायला लागली.

एकाने सल्ला दिला, आतलं सगळं काढून ब्लूटूथ स्पीकर बसवा, पेटी तीच राहील. मला हे पटत नाही. आईंना दिसत नाही, पण कुठली खुंटी किती फिरवायची हे त्यांच्या बोटांना पाठ आहे. ते काढून घेऊन त्यांच्या हातात मोबाइल द्यायचा? आणि हो, कुणी हौसेने मोबाइलची वायर थेट रेडिओत जोडू नका. आमच्या सेटसारख्या ट्रान्सफॉर्मर नसलेल्या रेडिओत आतल्या पत्र्यालाच वीज असू शकते, काकांनी हे दोनदा बजावलं.

संस्थेच्या कामासाठी ज्येष्ठांच्या घरी जाते तेव्हा हल्ली "त्यांना ऐकू येत नाही" असं सुनेने किंवा मुलाने सांगितलं की मी आधी टीव्ही, फोन लावून बघते. आमच्याकडे एकच अडचण उरलीय. रेडिओला जोडलेला मोबाइल माझा, त्यामुळे फोन आला की घंटीही मर्फीतूनच वाजते.

"घे," आई म्हणतात, "तुझी 'आपली आवड' लागली!"