छतातले दिवे वॅटवर घेऊ नका

मी दिव्यांचा व्यापारी नाही, कापडाचा आहे. तीस वर्षे मालेगावात गादीवर बसून तागे उलगडतो आहे. तरीही आज छतात बसवायच्या एलईडी दिव्यांवर लिहीत आहे. कारण या दिव्यांनी मला माझ्याच धंद्यात, आणि तेही माझ्याच घरात, खोटे पाडले.

दोन वर्षांपूर्वी घराची दुरुस्ती काढली. ठेकेदाराच्या सांगण्यावरून पीओपीचे छत केले आणि बारा बाय चौदाच्या दिवाणखान्यात १२ वॅटचे चौदा पॅनेल लाइट बसवले. बटण दाबले की मंगल कार्यालयात आल्यासारखे वाटे. पाहुणे तारीफ करीत, मीही खूश होतो. पुढे धाकट्या मुलीचे लग्न ठरले. घागऱ्याचे मरून कापड माझ्या दुकानातले, दुपट्टा सुरतेहून मागवलेला. रात्री जेवणानंतर तख्तावर दोन्ही पसरून घरातल्या सगळ्यांनी पाहिले; रंग असा जुळला की एकाच ठाणातले वाटावे. जरदोजीचा कारागीर म्हणाला, "शेठ, एकदा दिवसाउजेडी बघून द्या." मी म्हटले, मियाँ, माझी उमर कापडात गेली आहे. महिनाभराने काम होऊन आले, अंगणातल्या उन्हात उघडले, तर घागरा मरून आणि दुपट्टा विटकरी. मजुरी गेली, जर गेली, आणि त्या कारागिरासमोर मान खाली घालावी लागली ती वेगळीच.

कारण पुढे कळले, आणि ते तर आम्हा कापडवाल्यांना आधीच ठाऊक असायला हवे होते. प्रोसेस हाऊसमध्ये शेड जुळवायची पेटी असते. तिच्यात दिवसाचा उजेड, दुकानाची ट्यूब, जुना पिवळा बल्ब असे वेगवेगळे उजेड लावून एकच तुकडा पाहतात. दोन वेगळ्या रंगद्रव्यांत रंगवलेली कापडे एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फुटतात. पांढरी एलईडी म्हणजे मुळात निळी एलईडी, तिच्यावर पिवळसर फॉस्फरचा लेप. (ही निळी एलईडी साधली म्हणून २०१४ साली तिघा शास्त्रज्ञांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.) स्वस्त दिव्यात या मिश्रणात निळा-पिवळा भरपूर आणि गडद लाल फार थोडा असतो. म्हणून मरून, राणी, शेंदरी हे रंग त्याखाली मरतात, आणि माणसाचा चेहराही आजाऱ्यासारखा दिसतो. पांढऱ्या कापडाचीही तीच गत. त्याला चमक आणणारा मसाला अतिनील किरणांवर चमकतो, आणि या दिव्यांत ते नसल्यातच जमा असतात. ईदसाठी घेतलेला पांढराशुभ्र सदरा घरी पिवळट दिसला तर दुकानदाराशी भांडण्याआधी अंगणात नेऊन बघा.

रंग किती खरा दिसतो याचा एक आकडा असतो, त्याला सीआरआय म्हणतात. जुन्या बल्बचा तो जवळपास १००. बाजारातल्या बहुतेक एलईडीचा ८०, काही डब्यांवर तर छापलेलाच नसतो. घरासाठी ९० किंवा त्यावरचा मागावा. त्यातही एक गोम आहे. हा आकडा आठ फिक्या रंगांच्या सरासरीवर काढतात, गडद लाल त्यात धरतच नाहीत. गडद लालाचा आकडा आर-९ या नावाने वेगळा असतो. दुकानदाराला तो विचारा. सांगता आला नाही तरी हरकत नाही, विचारणारे गिऱ्हाईक आले हे त्याला कळू द्या. मी आता दिवा घ्यायला जाताना खिशात मरून कापडाची चिंधी नेतो. दिव्याखाली पाहायची, दारात येऊन उन्हात पाहायची. दुकानदार हसतात, हसोत.

दुसरी गोष्ट दिव्यांच्या संख्येची. ठेकेदार भोकांवर कमावतो, त्यामुळे तो चौदा सांगणारच. वॅट म्हणजे विजेचा खर्च. उजेडाचे माप लुमेन. माझे चौदा दिवे मिळून पंधरा हजार लुमेनच्या आसपास उजेड देत होते. बसण्याउठण्याच्या तेवढ्या खोलीला सात-आठशे लुमेनचे सहा दिवे पुरे होतात. भिंतीपासून दोन-अडीच फूट आणि एकमेकांपासून चार-पाच फूट अंतर ठेवावे. पलंगाच्या डोक्यावर दिवा कधी लावू नये, पडल्यावर थेट डोळ्यात येतो. रंगछटा ३००० ते ४००० केल्विन ठेवावी. ६५०० चा निळसर उजेड आपल्याकडे "जास्त लख्ख" म्हणून खपतो, पण रात्री घरात तो दवाखान्यासारखाच वाटतो.

आपल्या कितीतरी घरांत दिवाणखाना हाच कारखाना असतो. बायका टिकली, फॉल-पिको, जरीचे काम तिथेच बसून करतात. त्यांच्यासाठी छतातला दिवा, मग तो कितीही भारी असो, कामाचा नाही. तो डोक्यामागे असला की हाताची सावली सुईवर पडते. पॅनेलवरचे पैसे वाचवून बाजूने उजेड देणारा ९० सीआरआयचा एक टेबल लॅम्प घ्या. आमच्या मोहल्ल्यात चाळिशीच्या आत चष्मा लागलेल्या बायका मी पाहतो, आणि त्यांच्याच घरात छत मात्र लखलखते असते.

मजबुतीबद्दल थोडेसे. एलईडी सहसा जळत नाही, जळतो तो मागचा ड्रायव्हर. आपल्या लूमच्या गावात व्होल्टेज खालीवर होते, तेव्हा रुंद व्होल्टेजवर चालणारा आणि सर्ज संरक्षण असलेला घ्यावा. डब्यावर आर ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक पाहावा; तो खरा की खोटा हे बीआयएसच्या 'बीआयएस केअर' अॅपवर पडताळता येते. दिवा पेटवून मोबाइलचा कॅमेरा त्याच्याकडे धरावा. ठळक काळे पट्टे सरकताना दिसले तर तो डोळ्यांना त्रास देणारा दिवा समजावा. १८ जुलै २०२२ पासून एलईडीवरचा कर १२ वरून १८ टक्के झाला, तेव्हापासून बिलाविना स्वस्त द्यायची पद्धत फार वाढली आहे. पण बिल नाही तर वॉरंटी नाही.

आणि भोकाचे माप लिहून ठेवा. प्रत्येक कंपनीचे माप वेगळे, एक दिवा गेला की दुसऱ्या कंपनीचा बसत नाही. बसलाच तर उजेडाची छटा निराळी. कापडात लॉट बदलला की आपण गिऱ्हाइकाला सांगतो. दिव्यातही लॉट असतो, तो कोणी सांगत नाही. खरेदीच्या वेळीच त्याच लॉटचे दोन जादा घेऊन ठेवावेत.

माझ्या घरी आता सहाच दिवे आहेत, जुन्या भोकांत बसणारे पण चांगल्या सीआरआयचे. उरलेल्या आठ भोकांवर मिस्त्रीने पीओपीच्या चकत्या बसवून वर रंग दिला. तो रंग छताशी जुळला नाही, चकत्या अजून दिसतात.