‘आजीच्या पावडरीचा वास’ आणि १८९३ सालचे फूल

आजचा धागा एका अत्तराविषयी नाही, एका शेऱ्याविषयी आहे. गुलाब आणि व्हायोलेट यांच्या मेळातून सिद्ध केलेली परफ्यूम वापरणारे लोक आपला अनुभव सांगू लागले, की काही शब्द हटकून येतात. ‘पावडरी’, ‘लिपस्टिकसारखे’, ‘जुन्या काळचे’ आणि, किंचित नाक मुरडून, ‘आजीबाईंचे’. हा शेवटचा शब्द बहुधा निकाल म्हणूनच उच्चारला जातो. माझे मत असे की हे शब्द नाकाने दिलेले नसून इतिहासाने दिलेले आहेत. आणि त्यांतला ‘आजीबाईंचे’ हा तर इतिहासाच्या कसोटीवर मुळीच टिकत नाही.

आधी ‘पावडरी’ हा शब्द पाहू. बाटलीत भुकटीचा कणही नसतो. असतो तो मद्यार्क आणि त्यात विरघळलेली गंधद्रव्ये. मग द्रवाला कोरडा, पांढरा, मऊ असा वास कसा काय येतो? याचे उत्तर आयरिस या वनस्पतीच्या जमिनीखालच्या खोडात आहे. फ्लॉरेन्सच्या परिसरात ही खोडे सोलून, वाळवून काही वर्षे मुरवत ठेवीत. ताज्या खोडाला फारसा वास नसतो. मुरल्यावर मात्र त्यातून थेट व्हायोलेटच्या फुलाची आठवण देणारा गंध उमलतो. त्याची पूड पिष्टात मिसळून यूरोपातील उमराव आपल्या केसांवर आणि केसांच्या टोपांवर उधळीत असत. इंग्लंडमध्ये १७९५ साली या केशचूर्णावर माणशी वर्षाला एक गिनी कर बसवण्यात आला, यावरून ही चैन किती पसरली होती याची कल्पना यावी.

टोप गेले, पूड राहिली. एकोणिसाव्या शतकात ती इंग्रजांच्या घरांत तान्ह्या मुलांच्या अंगाला लावली जाऊ लागली. डब्यावर नाव ‘व्हायोलेट पावडर’. आत पिष्ट आणि आयरिसची पूड, व्हायोलेटची पाकळी नावालाही नाही. १८७८ साली अशाच स्वस्त पावडरीत आर्सेनिक आढळले, अर्भके दगावली आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. सुवासामागे काय दडवता येते याचे इतके भयंकर उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. आपल्या विषयापुरते एवढेच लक्षात घ्यावे, की व्हायोलेटचा गंध आणि पांढरी भुकटी यांची गाठ पिढ्यान्‌पिढ्या अशी घट्ट बसत गेली. आज कोणी ‘पावडरी’ म्हणतो तेव्हा तो ही जुनी गाठच हुंगत असतो.

आता ‘जुन्या काळचे’. व्हायोलेटच्या खऱ्या फुलातून गंध काढणे हा अत्यंत खर्चिक उद्योग होता. ढीगभर फुलांतून हाती येई ते थेंबभर. म्हणून हा सुगंध श्रीमंतांपुरताच राहिला. ही स्थिती बदलली ती बर्लिनच्या प्रयोगशाळेत. फर्डिनांड टीमान आणि पॉल क्र्यूगर हे रसायनशास्त्रज्ञ आयरिसच्या खोडातले गंधद्रव्य शोधत होते. त्या रेणूचे सूत्र त्यांनी एका कार्बन अणूने चुकीचे धरले होते. तरीही त्या वाटेवर त्यांच्या हाती जे लागले, त्याला व्हायोलेटचाच वास होता. त्याला त्यांनी ‘आयोनोन’ असे नाव दिले. वर्ष १८९३. टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली तेच हे वर्ष. ज्याला आपण ‘जुनापुराणा’ म्हणून हिणवतो तो सुगंध आपल्या मांडवातल्या गणपतीच्या वयाचा आहे!

आणखी एक धागा थेट आपल्या अंगणात येतो. आयोनोन तयार होते सिट्रल आणि ॲसिटोन यांच्यापासून. सिट्रल म्हणजे गवती चहाची पात चुरगळल्यावर जो लिंबाचा दरवळ येतो, तो. त्याच कुळातल्या दुसऱ्या एका गवताचे तेल मलबार-त्रावणकोरच्या किनाऱ्यावर गाळले जाई आणि कोचीच्या बंदरातून परदेशी जाई. बाजारात त्याला ‘कोचीन तेल’ असेच म्हणत. पॅरिसच्या आरशापुढे ठेवलेल्या व्हायोलेटच्या बाटलीत केरळचे गवत असे. सुगंधाच्या चर्चेत ग्रास या फ्रेंच गावाची नावाजणी सतत होते. गवत कापणाऱ्याचा उल्लेख मात्र क्वचितच. ही उणीव मला खटकते.

आयोनोन आले आणि व्हायोलेट स्वस्त झाले. साबणात, पावडरीत, मुलीबाळींच्या रुमालात ते पोहोचले. कोतीचे ‘लोरिगां’ १९०५ चे, गेरलँचे ‘आप्रे लोंदे’ १९०६ चे. ही त्या काळची अत्याधुनिक परफ्यूम होती, प्रयोगशाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या द्रव्यांवर उभी राहिलेली. ती लावणाऱ्या स्त्रिया तेव्हा विशीत-तिशीत होत्या, काळाच्या पुढे चालणाऱ्या होत्या. पुढे त्या वृद्ध झाल्या आणि त्यांच्या वयाचा शिक्का वासावर बसला. जी वस्तू उमरावांकडे असताना ‘नाजूक’ ठरते, तीच दुकानात काम करणाऱ्या मुलीला परवडू लागली की ‘सवंग’ होते, आणि ती मुलगी म्हातारी झाली की ‘आजीबाईंची’. या शेऱ्यात वासाचे वर्णन थोडे आणि स्त्रियांच्या वयाविषयीची नापसंती अधिक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आजोबांच्या दाढीच्या साबणाचा वास कोणाला आला तर त्याला मात्र ‘अभिजात’ म्हणतात.

लिपस्टिकची गोष्ट थोडक्यात. मेण आणि एरंडेल यांचा तेलकट वास झाकण्यासाठी ओठांच्या रंगात गुलाब-व्हायोलेटचा गंध घालण्याची प्रथा पडली. मग गंमत अशी झाली की झाकणारा वासच ‘लिपस्टिकचा वास’ म्हणून ओळखला जाऊ लागला. २००० साली राल्फ श्वीगर यांनी फ्रेडरिक माल यांच्यासाठी केलेल्या परफ्यूमचे नावच ‘लिपस्टिक रोझ’. म्हणजे फुलाची नक्कल करणाऱ्या प्रसाधनाची नक्कल. गुलाब आणि व्हायोलेट यांचा जोडा मात्र केवळ रूढीचा नाही. गुलाबाच्या तेलातील ज्या द्रव्यांवर त्याच्या गंधाचा मोठा भार असतो, त्यांतले एक महत्त्वाचे द्रव्य, डॅमॅसेनोन, १९७० मध्ये प्रकाशात आले. ते आणि आयोनोन दोन्ही वनस्पतीत कॅरोटीनच्या कुळातली रंगद्रव्ये विघटित होऊन तयार होतात. गाजराला केशरी करणारे द्रव्य याच कुळातले. ही दोन फुले रसायनाने एकमेकांची भावंडे आहेत.

मराठी नाकाला हा जोडा वेगळाच भासतो, असे मला वाटते. गुलाब आपल्याला लिपस्टिककडे नेत नाही. तो नेतो लग्नाच्या मांडवात, गुलाबदाणीच्या शिडकाव्याकडे, गुलकंदाच्या बरणीकडे. व्हायोलेटची तर आपल्याकडे सुवास म्हणून ओळखच नाही. तिचे युनानी नाव ‘बनफशा’ कोणाला ठाऊक असलेच तर ते खोकल्याच्या काढ्यामुळे. तरीही आपल्यातले पुष्कळ जण अशी बाटली हुंगून ‘आजीची पावडर’ म्हणतात, कारण पावडरीचा तो पत्र्याचा डबा आपल्या घरातही पोहोचला होता. फुलाआधी त्याची नक्कल आली, आणि आठवण नक्कलेचीच उरली.

काहींना अशा परफ्यूममध्ये फक्त गुलाबच जाणवतो आणि व्हायोलेटचा पत्ताही लागत नाही. त्यांना अरसिक समजू नये. बीटा-आयोनोन ओळखण्याची क्षमता ‘ओआर५ए१’ या एका जनुकातील फरकावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले आहे. शेजारी बसलेल्या दोघांना एकाच मनगटावर खरोखरच दोन निरनिराळे वास येत असतात.

म्हणून, मित्रहो, जुन्या पत्रांत वा कादंबऱ्यांत ‘व्हायोलेटचा सुगंध’ असा उल्लेख आढळला, तर आधी तारीख पाहा. १८८० चा असेल तर तिथे एक तर मोठा पैसा आहे, नाही तर आयरिसची पूड. १९०० नंतरचा असेल, तर बहुधा कोचीहून आलेले गवत.