आधी आदेश द्या, मग मुदत मोजा

भिवंडी-ठाणे रस्त्याने कशेळी, काल्हेर मागे टाकून पूर्णा गाठेपर्यंत पत्र्याची गोदामे काही संपत नाहीत. वर मेट्रो पाचचा मार्ग, त्यावर पूर्णा नावाचे स्थानक. अशा पट्ट्यात शेताचा उरलासुरला तुकडा राखून असलेल्या माणसाला ‘झाडे लाव, सरकार अनुदान देते’ असे सांगितले, तर अनुदान किती हे तो नंतर विचारेल. उद्या सातबारावर वनखात्याचा शिक्का बसला तर काय, हे आधी विचारेल. या शंकेला अडाणीपणा म्हणून हसता येणार नाही, कारण ठाणे जिल्ह्याने तो शिक्का बसलेला पाहिला आहे.

महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम ३० ऑगस्ट १९७५ रोजी अमलात आला आणि खाजगी वने एका दिवसात सरकारजमा झाली. खाजगी वन कोणते हे ठरवताना भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५(३) खाली पूर्वी निघालेल्या नोटिसाही प्रमाण मानल्या गेल्या. त्या मालकाच्या हाती पडल्या होत्या का, त्याचे म्हणणे कोणी ऐकले का, पुढे अंतिम अधिसूचना निघाली का, याची चौकशी बहुतेक ठिकाणी झालीच नाही. मग तीसेक वर्षे सामसूम. त्या काळात जमिनी विकल्या गेल्या, बिनशेती झाल्या, सरकारच्याच परवानगीने इमारती उठल्या. आणि या शतकाच्या पहिल्या दशकात एकाएकी इतर हक्कांच्या रकान्यात ‘वन’ अशी नोंद चढली. विक्रोळीतल्या गोदरेजच्या जमिनीचे प्रकरण असेच १९५० च्या दशकातल्या नोटिशीतून निघाले. ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात स्पष्ट सांगितले, की नोटीस नुसती काढून भागत नाही. ती मालकाला बजावली पाहिजे, त्याला बाजू मांडू दिली पाहिजे आणि प्रक्रिया अर्ध्यावर टाकून दशकांनंतर जमिनीवर हक्क सांगता येत नाही. एवढे होऊनही नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या अशाच जमीनधारकांची अपिले मान्य करताना त्याच न्यायालयाला तेच पुन्हा सांगावे लागले. गोदरेजकडे वकिलांची फौज होती. दोन एकरवाल्याने कोणाच्या जिवावर दिल्ली गाठायची?

त्याच्यासाठी कायद्यात वाट नाही असे नाही. मालकाकडे उरलेली जमीन बारा हेक्टरांहून कमी असेल, तर त्या मर्यादेपर्यंत ती परत करण्याची तरतूद खाजगी वनांच्या त्याच अधिनियमाच्या कलम २२-अ मध्ये आहे. फेरफार चुकीचा असेल तर महसूल संहितेखाली प्रांतांकडे अपील आहे. जिल्हाधिकाऱ्यांहून खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध साठ दिवस, इतर आदेशांसाठी नव्वद दिवस. वाटा आहेत, पण प्रत्येक वाटेच्या तोंडाशी एकच अट आहे: आदेशाची प्रत. आणि अडते नेमके तिथेच.

अनुदानाच्या योजनांत तर हे आणखी ठसठशीत दिसते. २०१८ पासूनची भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना घ्या. कोकणातल्या शेतकऱ्याला दहा गुंठ्यांपासून दहा हेक्टरांपर्यंत लाभ, अनुदान तीन वर्षांत पन्नास, तीस आणि वीस टक्के अशा हप्त्यांनी आणि पुढचा हप्ता झाडे किती जगली यावर. अट रास्तच आहे. खड्डे मोजून पैसे वाटण्याचे दिवस संपायला हवेत. पण झाडे मोजली कोणी, कोणत्या तारखेला, मालक हजर होता का? वैशाखात पानगळ झालेले रोप मेलेले धरले की जिवंत? याचा पंचनामा शेतकऱ्याच्या हाती पडत नसेल, तर हप्ता अडल्यावर तो भांडणार कशावर? मोबाइलवर ‘अर्ज नामंजूर’ एवढे दोन शब्द येतात. कृषी कार्यालयात जावे तर ‘सिस्टीमलाच तसं दाखवतंय’ हे उत्तर. सिस्टीमविरुद्ध अपील कोणाकडे करायचे असते, हे आम्हालाही कोणी सांगावे. मूळ दुखणे असे, की या योजना शासन निर्णयावर चालतात आणि शासन निर्णय म्हणजे कायदा नव्हे. त्यातून नाव किंवा गट वगळला गेला, तर कायद्याने बांधलेले अपील मिळेलच असे नाही; बहुधा उरतो तो साहेबांच्या नावे विनंतीअर्ज. राज्याच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने नकाराची कारणे लेखी देणे बंधनकारक केले, पहिल्या अपिलाला तीस दिवस दिले, वर आयोग बसवला. पण सेवा अधिसूचित असेल तरच हे सारे लागू. लागवडीच्या अनुदानाचे निर्णय सरसकट त्या यादीत घालायला सरकारला कोणाचा मुहूर्त हवा आहे?

लेखी कारणे देण्याने काय फरक पडतो, ते वनहक्क कायद्याने दाखवले आहे. दावा फेटाळला गेला तर साठ दिवसांत वरच्या समितीकडे जाता येते; ग्रामसभेकडून उपविभागीय समिती, तिथून जिल्हा समिती. तरी देशभर दावे ढिगाने फेटाळले गेले आणि दावेदारांना पत्ताही लागला नाही. म्हणून २०१२ मध्ये नियम दुरुस्त झाले: नकार कारणांसह दावेदाराला कळवायचा, गरज पडल्यास मुदत तीस दिवसांनी वाढवायची. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि पंधरवड्याच्या आत, २८ तारखेला, त्याला स्थगितीही दिली. ते नकार रीतसर दिले होते का, असे राज्यांना विचारले गेले. कागद नीट झाले असते, तर लाखो कुटुंबांचा जीव असा टांगणीला लागला नसता. भिवंडी तालुक्याच्या आदिवासी पाड्यांना हे वेगळे सांगायला नको.

भिवंडीत या प्रश्नाला दुसरीही बाजू आहे, आणि तिकडे डोळेझाक करणे म्हणजे गोदामवाल्यांची वकिली करणे. वनाची नोंद काढून घेण्यासाठी धडपडणारा प्रत्येक जण गरीब शेतकरी नसतो. जिथे पत्र्याच्या छपराला भातापेक्षा कितीतरी जास्त भाडे मिळते, तिथे ‘अन्याय झाला’ म्हणत जमीन मोकळी करून घ्यायची आणि दुसऱ्या पावसाळ्याआधी भराव टाकायचा, हा मोह मोठा आहे. त्यामुळे नोंद चढवण्याचा आदेश जितका कारणांसह हवा, तितकाच नोंद काढण्याचाही. तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे. केंद्राने वनजमीन दुसऱ्या कामाला देण्यास मंजुरी दिली आणि त्यावर राज्याचा आदेश निघाला, तर बाधित व्यक्ती तीस दिवसांत हरित न्यायाधिकरणाकडे जाऊ शकते; पुरेसे कारण असेल तर आणखी साठ दिवसांची सवलत मिळते. आदेश कपाटात राहिला, तर हे दारही बंदच. कागद दडवल्याने शेतकरी फसतो तसे गावही फसते. फावते ते दोघांच्या मधे उभ्या असलेल्या दलालाचे.

यातले बरेचसे काम नवा कायदा न करता होण्याजोगे आहे. अनुदान नाकारणाऱ्या, हप्ता रोखणाऱ्या, योजनेतून गट वगळणाऱ्या आणि वनाची नोंद चढवणाऱ्या किंवा उतरवणाऱ्या प्रत्येक आदेशाच्या तळाशी तीन ओळी छापाव्यात: कारण काय, अपील कोणाकडे, शेवटची तारीख कोणती. पोहोच घेतल्याशिवाय मुदत सुरू धरू नये आणि अपील प्रलंबित असेपर्यंत त्या गटावर ना वसुली व्हावी, ना बांधकाम. ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी आपल्या अखत्यारीतल्या आदेशांपुरते तरी एक परिपत्रक काढून पावसाळ्याआधी हे सुरू करावे. रोपे वाटायला गाड्या निघतील तेव्हा त्याची एक प्रत पूर्णा ग्रामपंचायतीच्या फलकावरही लागलेली असू द्या.