तीन नंबरचा बावटा आणि संगणकाची बीप

बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की काय करायचे, हे मालवण, देवगड, वेंगुर्ल्यात कुणाला शिकवावे लागत नाही. होड्या आत येतात, बाहेर जाणारे थांबतात, घरची माणसे फोन लावू लागतात. त्या बावट्यावर एक वाक्यही लिहिलेले नसते. दिवसा ठरावीक आकार, रात्री ठरावीक दिवे, आणि त्यांचा एक क्रमांक. दीपगृहाचेही तसेच. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी असते. अंधारात परतणारा तांडेल ती मोजतो आणि आपण कुठल्या गावासमोर आहोत ते ओळखतो. खूण मोजायची आणि तिचा अर्थ लावायचा, ही विद्या या किनाऱ्याच्या अंगवळणी पडलेली आहे.

मात्र याच किनाऱ्यावर शाळेतला, ग्रामपंचायतीतला किंवा घरातला संगणक बंद पडला की आपण एकदम अडाणी होतो. दुरुस्तीवाल्याला फोन जातो, "मशीन चालूच होणा नाय." तो विचारतो, बीप किती वाजतात? दिवा कुठल्या रंगाचा लागतो? इकडे शांतता. मग तो कुडाळहून किंवा कणकवलीहून सवडीने येणार, किंवा आपण ते डबडे एसटीत मांडीवर घेऊन त्याच्याकडे जाणार. मालवण ते कुडाळ हे तीसेक किलोमीटर. एवढ्या प्रवासानंतर कळते की रॅमची पट्टी नीट बसलेली नव्हती, आणि ते तर यंत्राने पहिल्या दहा सेकंदांतच सांगितले होते.

माझे म्हणणे सरळ आहे. संगणक वापरायला शिकवताना, तो बंद पडल्यावर काय सांगतो हेही शिकवले पाहिजे, आणि मराठीत शिकवले पाहिजे. याला कुणी तंत्रज्ञांचे खास ज्ञान म्हणू नये. ही साधी साक्षरता आहे.

आधी हे काम कसे चालते ते पाहू. आपण बटण दाबतो तेव्हा विंडोज लगेच सुरू होत नाही. मदरबोर्डवरच्या एका लहान चिपमध्ये बायोस नावाचा प्रोग्रॅम असतो, तो आधी जागा होतो आणि हजेरी घेतो. प्रोसेसर आहे का, रॅम आहे का, चित्र दाखवणारा भाग आहे का, कीबोर्ड आहे का. चित्र दाखवणारा भाग सुरू होण्याआधीच काही अडले तर पडद्यावर संदेश लिहायचा कसा? म्हणून यंत्र हाताशी असलेले साधन वापरते, म्हणजे आवाज किंवा दिवा. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून आपला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयबीएमचा पीसी बाजारात आला, आणि त्याच्यातही ही हजेरी होती. सगळे ठीक असेल तर एक छोटी बीप. म्हणजे ही भाषा आपल्या जिल्ह्याएवढी तरी जुनी आहे. जिल्हा चाळिशी ओलांडून गेला, पण भाषा काही आपल्या घरात शिरली नाही.

ती फार अवघड नाही. अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन छोट्या बीप म्हणजे चित्राच्या भागात अडचण. एएमआयच्या बायोसमध्ये तीन छोट्या बीप म्हणजे बोट रॅमकडे. एचपीच्या ऑफिसात वापरल्या जाणाऱ्या अनेक जुन्या यंत्रांत पॉवरचा दिवा लाल होऊन लुकलुकतो आणि सोबत तितक्याच बीप येतात. पाच असतील तर रॅम, सहा असतील तर चित्राचा भाग, चार असतील तर वीजपुरवठा. डेलच्या अलीकडच्या अनेक ऑप्टिप्लेक्स यंत्रांत बटणाचा दिवा आधी नारिंगी आणि मग पांढरा लुकलुकतो. नारिंगी दोनदा आणि पांढरा तीनदा म्हणजे रॅम सापडत नाही. असूस, एमएसआय यांच्या बऱ्याच नव्या मदरबोर्डवर तर चार बारीक दिवेच असतात, प्रोसेसर, रॅम, चित्र आणि डिस्क यांचे. जो दिवा लागून राहील, तिथे गाडी अडली.

हे मुद्दाम नावानिशी सांगितले, कारण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जी वापरलेली यंत्रे गावोगाव जातात त्यांत डेल आणि एचपीची ऑफिसातून काढलेली यंत्रे पुष्कळ असतात. कंपन्यांनी आपल्या अभियंत्यांसाठी बसवलेली ही दिव्यांची भाषा यंत्राबरोबर गावात येते. तिचा तक्ता मात्र येत नाही.

इथे एक सावधगिरी हवी. तीन बीपचा अर्थ सगळीकडे एक नसतो, कंपनी बदलली की तक्ता बदलतो. म्हणून मॉडेलचे नाव लिहून ठेवावे आणि त्याच मॉडेलची पुस्तिका पाहावी. दुसरे म्हणजे, बीप कुठे अडले ते सांगते, का अडले ते सांगत नाही. रॅमची बीप आली म्हणजे रॅम मेलीच असे नाही. ती सैल असेल, तिच्यावर मळ असेल किंवा ज्या खाचेत ती बसते ती खाच खराब असेल. आणि अजिबात आवाज आला नाही तरी घाबरू नये. आजकालच्या बऱ्याच कॅबिनेटमध्ये बीप वाजवणारा छोटा स्पीकरच दिलेला नसतो. तो अगदी स्वस्तात मिळतो आणि मदरबोर्डवरच्या चार पिनांवर बसतो. शाळेच्या संगणक खोलीत असा एक स्पीकर जरूर असावा.

आता आपल्या किनाऱ्याचे पाहू. इथली हवा खारी आणि दमट. जूनपासून चार महिने भिंतीला बुरशी येते, खिळ्याला गंज चढतो, मग रॅमच्या त्या बारीक पट्ट्यांनी कोरडे कसे राहावे? उन्हाळ्याच्या सुट्टीत बंद ठेवलेले यंत्र पावसात उघडले की बीप देते, त्यामागे पुष्कळदा एवढेच कारण असते. वायर काढावी, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवावी, पट्टी काढून तिच्या सोनेरी कडेवरून मऊ खोडरबर हलकेच फिरवावे, भुगा झटकावा आणि 'टक' आवाज येईपर्यंत पट्टी परत बसवावी. घासताना जोर लावू नये, तो मुलामा फार पातळ असतो. एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याची पेटी, मात्र कधीच उघडू नये. वायर काढल्यावरही तिच्यात झटका देण्याइतकी वीज साठून राहते.

आपल्याकडे सगळ्यात जास्त ऐकू येणारी बीप तर संगणकाची नसतेच, ती यूपीएसची असते. लाइट गेली की तो थांबून थांबून ओरडतो, बॅटरी संपत आली की घाईने ओरडतो. म्हणून पहिला प्रश्न, ओरडतंय कोण? दुसरी फसवी खूण घड्याळाची. मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाचा नाण्याएवढा सेल असतो. तो संपला की यंत्राची तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग सरकारी संकेतस्थळ उघडताना सुरक्षिततेचा इशारा येतो, फॉर्म भरला जात नाही, आणि आपण म्हणतो नेट खराब आहे. शेवटच्या दिवशी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आलेली मुलगी माघारी जाते. कारण? एक सेल. कोपऱ्यातली तारीख वाचायची सवय असती तर दोन मिनिटांत तारीख दुरुस्त करून अर्ज भरता आला असता.

खरा प्रश्न या मुलीचा आहे. ज्याच्या घरी नवा लॅपटॉप आहे त्याला ही भाषा आली नाही तरी चालते. जिच्या गावात शाळेतले किंवा वाचनालयातले दहा संगणक एवढाच आधार आहे, तिच्यासाठी त्यातले सहा बंद असणे म्हणजे चार मशीनवर तीस मुले. आपापल्या गावच्या शाळेत जाऊन संगणकाची खोली उघडायला सांगा. कोपऱ्यात कापडाखाली झाकलेली यंत्रे दिसली तर विचारा, याला काय झाले? बहुतेक उत्तर येईल, "बंद आहे." काय झाले या प्रश्नाचे उत्तर 'बंद आहे' हे नव्हे.

ही यंत्रे येतात कुठून? काही सरकारी योजनेतून, काही गावाच्या मुंबई मंडळाकडून, काही आखातात नोकरी करणाऱ्या भावांकडून. आमच्या मोहल्ल्यातही उर्दू शाळेला, मदरशाला, जमातीच्या वाचनालयाला संगणक देणारे हात कमी नाहीत. देताना कार्यक्रम होतो, फोटो निघतो, पाटी लागते. देणारा ते सदका-ए-जारिया समजून देतो, म्हणजे ज्याचा फायदा मागे चालू राहतो असे दान. पण फायदा चालू राहायचा तर यंत्र चालू राहायला हवे. यंत्रासोबत त्याची खूण ओळखणारा एक माणूस तयार केला नाही, तर पहिल्या पावसानंतर ते दान कापडाखाली जाते. दहा संगणक देणाऱ्याने नऊच द्यावेत आणि दहाव्याच्या पैशांत दोन शिक्षक आणि चार मुलींना हे शिकवावे. मुली मी मुद्दाम म्हणतो. पेचकस हातात घेण्याचे काम आपल्याकडे आपोआप मुलांकडे जाते आणि मुली टायपिंगपुरत्या उरतात.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला, सगळे आता मोबाइलवर होते, डेस्कटॉप हवाय कुणाला? ज्याने मोबाइलवर पाच पानी अर्ज भरून, कागद ठरलेल्या आकारात बसवून चढवायचा प्रयत्न केला आहे तो हा प्रश्न विचारणार नाही. हिशेब, टंकलेखन, चित्रकाम, प्रोग्रॅमिंग, पोटापाण्याची ही कामे अजून टेबलावरच होतात.

दुसरा आक्षेप, मुले उघडतील आणि बिघडवतील. पण बीप मोजायला काही उघडावे लागत नाही. थर्मामीटर वाचता आला म्हणून कुणी डॉक्टर होत नाही, पण ताप किती ते डॉक्टरांना नीट सांगता येते.

तिसरा आक्षेप, दुरुस्तीवाल्याच्या पोटावर पाय येईल. मला उलटे वाटते. प्रामाणिक दुरुस्तीवाल्याला नेमके सांगणारे गिऱ्हाईक हवेच असते. त्याचा हेलपाटा वाचतो, योग्य सुटा भाग घेऊन तो एकाच खेपेत काम उरकतो. अडचण होईल ती फक्त, न तपासता "मदरबोर्ड गेला" असे सांगणाऱ्याची. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेले, खांब आडवे झाले, अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती, वर करोनाची बंदी. अशा वेळी कोण कुणाकडे येणार? पडदा काळा असेल तर दाखवायला काही नसते, पण बीप फोनवरून ऐकवता येते आणि दिव्याचा व्हिडिओ पाठवता येतो.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चे पोर्टल सुरू केले. दुरुस्तीचा हक्क ही चांगलीच गोष्ट आहे. पण यंत्र काय सांगते ते वाचताच येत नसेल तर हा हक्क बजावणार कसा? आपल्याकडे एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र घरोघरी फ्रेममध्ये आहे. त्या प्रमाणपत्रवाल्यांपैकी किती जण आपल्या मशीनची बीप ओळखतात, हे प्रत्येकाने आपल्या घरात विचारून पाहावे.

करायचे काम लहान आहे. प्रत्येक संगणक खोलीत जी मॉडेल्स असतील त्यांचाच बीप आणि दिव्यांचा तक्ता मराठीत, मोठ्या अक्षरात भिंतीवर लावावा. उर्दू शाळेत उर्दूतही लावावा. आणि त्याच्या खाली दुरुस्तीवाल्याला फोन करण्याआधी लिहून काढायचे पाच प्रश्न असावेत. ओरडतंय कोण, यूपीएस की संगणक? बीप किती, त्यात लांब किती आणि छोट्या किती? दिव्याचा रंग कोणता आणि तो किती वेळा लुकलुकतो? पंखा फिरतो का? काल आणि आज यांत काय बदलले, वीज कडाडली, गळती झाली, की यंत्र जागेवरून हलवले?

पावसाळ्याच्या तोंडावर कौले शाकारायची, होड्या ओढून घ्यायच्या, हे आपण दरवर्षी करतो. त्या यादीत शाळा उघडण्याआधीचा एक दिवस या खोलीसाठी धरावा. कापड काढावे, एकेक यंत्र लावावे, आणि मुलींना म्हणावे, गप्प बसा आणि मोजा.